कापसाच्या खोलीतलं वाचनालय

वहिनी लग्न होऊन आमच्या तलवाड्याच्या घरी आली तेव्हा तिच्या मागून एक बैलगाडी आली, आणि गाडीत काय आहे ते बघायला अर्धी गल्ली दारात जमली. नगरकडची मुलगी, म्हणजे इंग्रजी मुलखातली. पितळेची भांडी असतील, मोठा हंडा असेल, असं आई शेजारणींना सांगून बसली होती. गाडीवानाने उतरवल्या त्या दोन जड लाकडी पेट्या आणि एक पत्र्याचं यंत्र. यंत्राला वर धुराडं होतं आणि पुढे लांब नाक. पेट्यांत पुस्तकं होती. आईने एका पेटीचं झाकण उघडलं, मिटलं आणि आत जाऊन ज्वारी निवडत बसली. संध्याकाळी मात्र "येवढ्या कागदाला वाळवी लागंल की गं, भुईवर नको ठिवूस," म्हणत तिने माळ्यावरच्या जुन्या फळ्या स्वतः उतरवून दिल्या. आमच्या वाचनालयाचं पहिलं सामान म्हणजे त्या फळ्या.

वडील मी पाळण्यात असतानाच गेले होते. शेती, गुरं, गावातलं उठणं-बसणं, सगळं माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, अंगावर घेतलं होतं. मधली काही वर्षं तो नगरला शिकायला होता आणि ज्या मास्तरांच्या घरी राहिला त्यांचीच वहिनी मुलगी. हे मास्तर सुट्टी लागली की गाडी जुंपून खेडोपाडी जायचे आणि त्या लांब नाकाच्या कंदिलातून काचेवरची चित्रं भिंतीवर पाडून लोकांना जगाची माहिती सांगायचे. ते वारले, आणि त्यांचा कंदील, पुस्तकं आणि फिरण्याचं वेड वहिनीकडे आलं. पण सून म्हणून आलेली बाई गाडी घेऊन फिरणार कशी? महिनाभराने एक दिवस तिने अण्णाला सांगितलं, "मला गावाकडे जाता येत नाही, तर गावानं माझ्याकडे यावं. मला एक खोली द्या." अण्णा फार बोलणारा माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने गड्यांना लावून कापसाची खोली रिकामी केली.

त्या खोलीला खिडकी नव्हती. एकच दार, आणि वर धाब्याच्या मातीच्या छताला हाताएवढा झरोका. त्यावर परात झाकली की भर दुपारी आत काळोख. कंदिलाला असाच काळोख लागतो. समोरची भिंत वहिनीने चुन्याने पांढरी करून घेतली, बाकीच्या तीन भिंतींना आईच्या फळ्या ठोकल्या. कितीही झाडलं तरी कोपऱ्यात कापसाचे पुंजके सापडायचे. पुस्तक उघडलं की पानांतून एखादा तंतू उडायचा आणि खोलीभर सरकीचा तो तेलकट, ऊबदार वास असायचा. कापूस तेव्हापासून ओसरीवर पडू लागला आणि आई त्यावरून मी सासरी जाईपर्यंत कुरकुरत होती.

वहिनीने कुणाकडून काही घेतलं नाही. पुस्तक न्यावं, परत आणावं. ज्याला वाचता येत नाही त्याने वाचणारा शोधावा आणि दोघांनी मिळून न्यावं, एवढाच तिचा नियम. तालुक्याच्या गेवराईहून टपालवाला पुण्याचं वर्तमानपत्र आणायचा, तेही शिळं झाल्यावर. आमचा मुलूख निजामाचा, दरबाराची भाषा उर्दू. तहसिलीतून येणारा कागद उर्दू, सरकारी शाळा उर्दू. मराठी अक्षर शिकायचं तर घरीच. म्हणून एक उर्दू पत्रही हैदराबादहून यायचं. ते वाचायला आमच्या मागच्या गल्लीतले इब्राहिमचाचा येत. तहसिलीतली मुन्शीगिरी सोडून ते गावी येऊन राहिले होते. डोळ्यांना दोऱ्याने बांधलेला चष्मा लावून ते एक ओळ वाचत आणि तीच ओळ स्वतःच्या मराठीत फिरवून सांगत. मी एकदा म्हटलं, "चाचा, ही बातमी तर मागल्या महिन्याची हाय." ते म्हणाले, "हौ बेटी. पन तुज्या म्हशीला अजून ठावं न्हाई ना? मग वाचू दे."

दुपारी बायकांची पाळी. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली की एकेक जण दारातून आत यायची. कुणी शेंगा आणायचं, कुणी मांडीवर लेकरू, कुणी निवडायची डाळ. थंडीत आई हुलग्याच्या कढत, पातळ माडग्याचं पातेलं आणून मधोमध ठेवायची आणि "मला काय त्या कागदातलं कळत न्हाई बाई," म्हणत दारापाशी टेकायची ती उठायचीच नाही. वहिनीने मला वर्षभरात वाचायला शिकवलं होतं. तिचा स्वतःचा आवाज अगदी नाजूक. गल्लीच्या टोकाला तेल्याचा घाणा दिवसभर कुरकुरायचा आणि त्यात तो बुडून जायचा. माझ्या घशाला आई गोदीचा फाटका घसा म्हणायची. तो फाटका घसा तिथे कामी आला. घाण्याच्या वर आवाज चढवून मी वाचायची आणि वहिनी शेजारी बसून, एखादा शब्द अडला की न बघता सांगायची. तिच्या अंगाला करडीच्या तेलाचा आणि छापील कागदाचा एकत्र वास यायचा. या वयातही कधी नवं पुस्तक हातात आलं तर मी आधी नाकाशी धरते. नाती हसतात. त्यांना मी काय हुंगते हे सांगून कळायचं नाही.

कंदिलाचा दिवस म्हणजे सण. काचेची चित्रं वहिनीने जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून ठेवली होती. मी चित्र सरकवायची, ती सांगायची. पहिल्या दिवशी भिंतीवर रेडकाएवढी माशी उमटली, केसाळ पायांची, आणि दोन बायका किंचाळून दारावर जाऊन आदळल्या. वहिनी सांगत होती की हे पाय आधी उकिरड्यावर असतात, मग आपल्या भाकरीवर. त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक टोपल्यावर फडकं पडलं.

ठकूबाई मला पहिल्यांदा दिसली तीही अशाच एका दुपारी. ती धनगराची बाई; तिची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायला आली होती आणि ती दूध घेऊन घरी आली ती कंदील बघून उंबऱ्यातच थबकली. तिला आत घ्यावं की नाही म्हणून दोघीतिघी एकमेकींकडे बघू लागल्या. वहिनीने आपल्या पलीकडचं पोतं हाताने झटकलं आणि म्हणाली, "या, इथून चांगलं दिसेल." भिंतीवर तेव्हा समुद्र होता. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. ठकूबाईने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "येवढं पानी! मेंढरं पेत्यात का हे?"

"नाही हो, खारं असतं," वहिनी म्हणाली.

"मग कावून साठवलंय येवढं?"

सगळी खोली हसली, वहिनी तर डोळ्यांना पदर लावून हसली. त्या दिवसापासून ठकूबाईचा कळप आसपास असला की ती दुपारी येऊन बसायचीच. तिला अक्षर येत नव्हतं, पण कळपामागे चालताना पुस्तक जवळ ठेवायला तिला आवडायचं. मुक्कामाच्या गावात वाचणारं कुणीतरी ती हुडकून काढायची आणि ऐकून झालं की ते पुस्तक परत आणून द्यायची.

असं किती चाललं ते मी मोजलं नाही. मग तक्रार गेली. सरहद्दीपलीकडची वर्तमानपत्रं वाचतात, लोक गोळा करतात, कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसतो त्याचा धरबंद नाही, असं काहीसं गेवराईला पोचलं. कुणी पोचवलं हे अण्णाला ठाऊक होतं. त्याने अखेरपर्यंत नाव घेतलं नाही, मीही घेत नाही. अशा खोलीला सरकारची इजाजत लागते असं निघालं आणि अण्णा इब्राहिमचाचांकडून उर्दूत अर्ज लिहून घेऊन गेवराईला चकरा मारू लागला.

तो असाच गेला होता त्या दुपारी अमीन आला. अमीन म्हणजे पोलिसांतला अंमलदार. दोन शिपाई घेऊन घोड्यावरून थेट आमच्या दारात. आत चित्रं चालू होती, परात झरोक्यावर होती, बायकांनी खोली भरलेली. बाहेर इब्राहिमचाचांचा आवाज चढलेला ऐकला आणि वहिनी उठली. परक्या पुरुषासमोर ती तोवर कधी गेली नव्हती. दारातून जाताना तिने वळून माझ्याकडे बघितलं, मग फळ्यांकडे बघितलं आणि बाहेर गेली.

"इजाजत है?" अमीन विचारत होता.

"अर्ज दिलाय साहेब. मालक त्याच्याचसाठी गेलेत."

"अर्ज यानी इजाजत नहीं, बाई. हुकूम है. खोली बंद होगी, सामान जप्त होगा."

वहिनीचा आवाज नेहमीसारखाच नाजूक होता. आम्ही आत ऐकत होतो. "काय आहे आत ते एकदा बघा तरी. बघून मग कुलूप लावा."

आतून ठकूबाई ओरडली, "आन चितरं तरी संपू द्या की सायेब! मदीच कावून उठवता?"

अमीन दारात आला. मला भिंतीवरच्या उजेडात तो दिसला. पिकलेली दाढी, घामाने भिजलेला कोट. त्या वेळी भिंतीवर चंद्र होता, डागांसकट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तो टोपी हातात घेऊन बघत उभा राहिला. मग त्याने इब्राहिमचाचांना हळू आवाजात विचारलं, "ये सच में ऐसा है?" चाचा म्हणाले, "हौ साहेब, असाच हाय." मला क्षणभर वाटलं, आता हा माणूस निघून जाईल. तो गेला नाही. टोपी घातली, मागे सरला आणि म्हणाला, "पहले जनाना बाहर आए. फिर मोहर लगेगी." आणि शिपायांना दरडावलं, "तुम लोग मुँह उधर करो. औरतें निकल रही हैं."

वहिनीने फळ्यांकडे का बघितलं ते मला तेव्हा उमगलं. मी कंदिलाची वात खाली केली. काळोख झाला. फळीवरून हाताला येईल ते पुस्तक ओढून मी समोर येईल त्या बाईच्या हातात देऊ लागले. पदराखाली, लेकराच्या दुपट्यात, डाळीच्या सुपात, जसं जमेल तसं ते गेलं. आईने तर दोन पुस्तकं माडग्याच्या रिकाम्या पातेल्यात घालून वर झाकण ठेवलं आणि पातेलं कमरेवर घेऊन अमीनच्या अगदी पुढून ती स्वयंपाकघरात गेली. बायका नेहमीपेक्षा सावकाश चालत होत्या. शिपाई भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि अमीन स्वतः घोड्याचा पट्टा सारखा करत होता. तो पट्टा तो बराच वेळ सारखा करत होता. त्याला काही कळलं नसेल, असं मला आजपर्यंत एकदाही वाटलेलं नाही.

दाराला कुलूप लागलं, त्यावर लाखेची मोहोर बसली. शिपायाने कंदील आणि काचांची पेटी खांद्यावर घेतली. वहिनी एवढंच म्हणाली, "काचा आहेत. हळू न्या." मग ती चुलीपाशी येऊन पीठ मळू लागली. मी जवळ जाऊन बसले तेव्हा तिने मान खाली ठेवूनच विचारलं, "किती गेली?"

"लई गेली, वहिनी. फळ्या निम्म्या रित्या हैत."

तिने पिठाचे हात तसेच माझ्या गालांना लावले. ती रडत होती की हसत होती, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर गावात वाचनालय नव्हतं आणि होतंही. कुणाच्या उतरंडीत एक पुस्तक, कुणाच्या वैरणीत एक. भीतीने दोघांनी विहिरीत टाकली, त्यांना वहिनी काही बोलली नाही. बाकीची फिरू लागली. बाजाराच्या दिवशी या हातातून त्या हातात जायची. मी विहिरीवर वाचलं, खुरपताना बांधावर वाचलं. ठकूबाईने चार गावं पलीकडे नेलं. वहिनीला एके काळी गाडीतून फिरायचं होतं. आता तिची पुस्तकं फिरत होती आणि ती घरात होती. संध्याकाळी दिवा लावल्यावर ती कुलपावरून हात फिरवायची आणि आत निघून जायची.

अण्णाला इजाजत मिळाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी शिरूर कासारच्या बाजूच्या एका खेड्यात आले. मी तिथे रुळते न रुळते तोच निरोप आला: अण्णाला निजामाच्या हद्दीबाहेर जाण्याचा हुकूम झाला, तो आणि वहिनी नगरकडे गेले, आई शेत बघत मागे राहिली. मला त्यांना भेटताही आलं नाही. निजामाचं राज्य गेलं तेव्हा अण्णा एकटाच परत आला. वहिनी आधीच तिकडे तापाने गेली होती. लग्नानंतर निघताना तिने माझी ओटी भरली होती, ते मला झालेलं तिचं शेवटचं दर्शन.

सासरची माणसं वाईट नव्हती. पोटभर भाकरी होती, येसराच्या आमटीला चव होती, कुणी हात उगारला नाही. पण मामंजींना, माझ्या सासऱ्यांना, अण्णाची हकिगत कळली होती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बोलावून सांगितलं, "पोरी, या घरात छापील कागद नको. आमी भिनारी मानसं हावोत." मी मान हलवली. त्यानंतर मी जे भोगलं त्याला उपासच म्हणते. घासलेटच्या डब्यावरची अक्षरं मी वाचायची. नव्या धोतराच्या काठावरचा गिरणीचा शिक्का वाचायची, धुऊन तो फिका होईपर्यंत. काहीच नसलं की जात्यावर बसून पूर्वी वाचलेलं मनात उलगडायची, आणि एखादा शब्द अडला की शेजारी वळायची. शेजारी भिंत असायची.

लग्नानंतरची पहिली दिवाळी सरली आणि मामंजींनी खतासाठी रानात मेंढरं बसवली. धनगरांना भाकरी द्यायला मी दुपारी रानात गेले. कळपापाशी घोंगडी अंथरून बसलेली बाई उठली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"अगं बया! फाटक्या घशाची तू?"

ठकूबाई! मी टोपली खाली ठेवून तिच्या गळ्यात पडले. तिच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता आणि मला तो आमच्या खोलीचाच वाटला. ती घोड्याच्या पाठीवर बांधलेल्या जाळीत हात घालून म्हणाली, "थांब. तुजं हाय माज्याकडं कायतरी." जाळीत नुकतं जन्मलेलं कोकरू होतं. त्याच्या पोटाखालून तिने घोंगडीच्या चिंधीत गुंडाळलेलं पुस्तक काढलं. "आमी पल्याड गेलतो चारायला, नगरच्या अंगाला. वैनी भेटली. म्हनली, गोदी शिरूरच्या अंगाला दिलीय, घावली तर तिला वाचू दे. हद्दीवरच्या जकातीच्या, करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं समदी लोकर उसकून बगितली. कोकराला कोन हात लावतंय, वल्लं व्हतं ते!"

पुस्तक खरंच ओलसर होतं. मी उघडलं. कडेला एका अवघड शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती, आणि पुढे अर्थ लिहिलेला, वहिनीच्या अक्षरात. माझा कुठला शब्द अडेल हे तिला माहीत होतं.

"वाच की आता," ठकूबाई म्हणाली. "येवढं वागवलंय मी, मला ऐकायचंय. आन् घरात ठिवून घ्यायचं न्हाई बरं का. फुडच्या मुक्कामाला एकजन वाट बगतीय."

एका बाईने एकटीने केलेल्या लांबच्या प्रवासाची ती हकिगत होती. मी रोज दुपारी भाकरी घेऊन जायची आणि बांधाच्या आडोशाला बसून वाचायची. ठकूबाई, तिची सून, कधी दोघी खुरपणाऱ्या बाया. वारं उलटं असलं की मला आवाज चढवावा लागायचा. घरात माझा भाकरी द्यायला जाण्याचा वेळ वाढत चालला होता, आणि सासूबाई काही म्हणत नव्हत्या.

मेंढरांचा मुक्काम संपत आला तरी पुस्तक संपेना. प्रवासातली ती बाई अजून परमुलखात आजारी पडलेली, घरी पोचेल की नाही याचा पत्ता नाही, आणि उद्या पहाटे कळप उठणार. मी पुस्तक मिटलं. ठकूबाई म्हणाली, "काय करावं बाई, रान झालं त्यांचं." आम्ही उठलो आणि बांधापलीकडे मामंजी उभे दिसले. त्यांच्या हातात खुरपं होतं, पण पायाशी गवताची एकही काडी उपटलेली नव्हती. ते तिथे कधीपासून होते कोण जाणे. मी पुस्तक पदराखाली घेतलं आणि ते त्यांनी बघितलं.

ते सरळ ठकूबाईच्या नवऱ्याकडे गेले, आणि लेंड्यांनी आधीच काळ्याभोर झालेल्या त्या रानाकडे हात करून म्हणाले, "पाव्हनं, त्या कोपऱ्याला खत कमी पडलंय बगा. अजून थोडं दिस बसवा मेंढरं."

धनगराने कोपऱ्याकडे बघितलं. "बक्कळ झालंय की मालक."

"कमी हाय म्हनतो ना मी," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करूनच, जरा चढ्या आवाजात पुढे म्हणाले, "आन् सूनबाई, उद्यापासून अलीकडच्या लिंबाखाली बसत जा. तिथनं वाऱ्यात शब्द हरवत न्हाईत."